पाच सोपे प्रश्न

खेळाडूंच्या पायांबद्दल लोकांना फार आदर असतो. ते पाय ज्यांनी मांडीवर घेतलेत त्यांना विचारावं. एखाद्या सुईणीनं जन्मात जेवढी बाळं हातात घेतली असतील, त्याहून जास्त पाय मी मांडीवर घेतलेत, आणि त्यांतल्या कुणीही कधी विचारलं नाही की बाई, तुझे हात गार का पडलेत. जगाच्या दुसऱ्या टोकाला, हॅमिल्टनला, हिवाळ्यात शनिवारी सकाळी धुकं इतकं उतरतं की रग्बीच्या मैदानाचे खांब दिसत नाहीत. त्या धुक्यात सिमेंटच्या चेंजिंग रूममध्ये मी एका डुगडुगत्या टेबलाशी उभी असायची, आणि एकेक जण येऊन त्यावर तंगडी टाकायचा. केसाळ, ओली तंगडी, नखांत आठवडाभराचं शेण. बहुतेक सगळे आसपासच्या डेअरी फार्मवरचे. पाय टाकला की बोलणं मात्र शेजारच्याशी. मी घोट्याभोवती पांढरी चिकटपट्टी गुंडाळत राहायची. टाचेखालून, वर, आडवी, पुन्हा टाचेखालून. पट्टी रोलवरून सुटताना चर्रर्र आवाज होतो. तीस घोट्यांचा तो आवाज कानांत इतका बसायचा की रविवारी मी पोह्यांना फोडणी घातली तरी मला कुणाचा तरी घोटाच आठवायचा.

या कामाला तिकडे 'ट्रेनर' म्हणतात. इचलकरंजीला आईनं शेजारणींना सांगितलं होतं, "आमची सुनंदा तिकडं खेळाडूंना शिकवती." मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. ट्रेनर कुणाला काही शिकवत नाही. ट्रेनर पट्ट्या बांधतो, बर्फ फोडतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, भुवयांना व्हॅसलिन लावतो, नाकात कापसाचा बोळा घालतो, आणि कुणी पडलं की चिखलातून पळत जाऊन त्याच्यापाशी गुडघे टेकतो. गुडघे टेकून दोन्ही हातांनी काम करायचं हे मला घरूनच येत होतं. आई यंत्रमागासाठी कांड्या भरायची आणि मी तिच्याशेजारी बसून तुटलेलं सूत जोडायची. सूत दातांनी तोडायचं, चिमटीत धरायचं, गाठ मारायची. हॅमिल्टनला मी पहिल्यांदा पट्टी बांधली तेव्हाही ती दातांनीच तोडली. श्रीकांतदाजी तिथंच होते. "दातानं काय तोडतेस गावठी बाईसारखी? क्लिनिक आहे हे." मी ओशाळले आणि चिमटीनं तोडायला शिकले. ही गोष्ट मुद्दाम सांगून ठेवतेय, पुढे लागेल.

श्रीकांतदाजी म्हणजे माझी मावसबहीण शैलाताई हिचे यजमान. पुण्याचे, फिजिओथेरपिस्ट, भिंतीवर चार चौकटी प्रमाणपत्रांच्या. त्यांना 'दाजी' म्हटलेलं आवडायचं नाही. "इथं सगळे नावानं हाक मारतात, श्रीकांत म्हण," असं पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी, आणि मी नावानं हाक मारलीच असती तर महिनाभर बोलले नसते. शैलाताई हॉस्पिटलात फार्मासिस्ट. दोघांची मुलगी मिहिका सात वर्षांची. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं उत्तम चालायचं. घर रोटोटुनामध्ये, तेव्हा तिथं निम्मे प्लॉट मोकळे होते आणि कुंपणापलीकडे गाई उभ्या असायच्या. मला तिकडे बोलावलं होतं ते मिहिकाला सांभाळायला आणि दोन वेळचं रांधायला. कागदावर मात्र मी दाजींच्या क्लिनिकची मदतनीस होते. वर्षातून एकदा, ऑगस्टात, व्हिसासाठी दाजी एक पत्र द्यायचे की हिची आम्हाला गरज आहे. त्या एका पत्रावर माझं सगळं तरलं होतं, निदान मी तसं समजत होते. सकाळी पोळ्या लाटताना ऑगस्ट, मिहिकाच्या वेण्या घालताना ऑगस्ट, चतुर्थीला कुमाराचा कीस परतताना ऑगस्ट. तिकडे रताळ्याला कुमारा म्हणतात. कीस छान होतो, फक्त जरा पाणी सुटतं.

कृतज्ञ माणसासारखं सोयीचं जनावर दुसरं नाही. त्याला दावं लागत नाही. मी त्या घरात इतकी कृतज्ञ होते की आज आठवलं तरी माझीच मला किळस येते. शैलाताईनं जुना स्वेटर दिला तर मी दोन दिवस घर पुसत सुटायची. दाजी क्लबच्या सामन्यांना जायचे, संघाचे अधिकृत फिजिओ म्हणून त्यांचं नाव फलकावर होतं. पण चिखल, पाऊस, शेणाचे पाय हे त्यांच्या बुटांना मानवत नव्हतं. एका शनिवारी म्हणाले, "सुनंदा, तू पट्ट्या बांध. मी लांबून बघतो." ते लांबून बघणं दीड वर्ष चाललं. हाफटाइमच्या सुमाराला यायचे, हातात कॉफी, पायात कोरडे करकरीत बूट, आणि मी बांधलेल्या घोट्यांकडे बघून कोचला म्हणायचे, "आम्ही यांची चांगली काळजी घेतलीय." आम्ही! सामना संपल्यावर क्लबहाऊसमध्ये सॉसेज आणि कांदा तळल्याचा वास सुटलेला असायचा, कॅप्टन बिअरचा ग्लास घेऊन भाषण करायचा: रेफरीचे आभार, सँडविच करणाऱ्या लेडीजचे आभार, आणि "आमच्या ट्रेनर सूचे". सुनंदाचं त्यांनी 'सू' केलं होतं. टाळ्या पडायच्या. मी भिंतीला टेकून कागदी ताटलीत थंडगार सॉसेज घेऊन उभी, मी मांस खात नव्हते, पण ताटली परत द्यायची भीती. आणि त्या चार टाळ्यांनी माझे डोळे भरून यायचे. बावळट!

सगळेच तसले नव्हते. कॅलम नावाचा एक वीस वर्षांचा पोरगा होता, फार्मवर कुंपणं घालायचं काम करायचा, मैदानात फ्लँकर. म्हणजे दिसेल त्याला आडवं पाडायचं हे त्याचं काम. घोटा बांधून झाला की तो "चिअर्स, सू" म्हणायचा, तोही माझ्याकडे बघून. त्याची आई लिनेट हाफटाइमला संत्री कापायची. मोठ्ठ्या बाईचे मोठ्ठे हात. मी पहिल्या हिवाळ्यात साध्या चपला घालून मैदानात पळत होते. तिकडे त्यांना जँडल्स म्हणतात, नाव बदललं म्हणून पाय कोरडे राहत नाहीत. लिनेटनं एक शनिवार बघितलं, दुसऱ्या शनिवारी आपले जुने गमबूट आणून माझ्यापुढे ठेवले. "आत दोन मोजे घाल, बसतील." बास, एवढंच. ना भाषण, ना टाळ्या. आपल्या झाडाचे फिजोआ, पेरूसारखी हिरवी आंबटगोड फळं, पिशवी भरून द्यायची, मी त्यांची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करायची. त्या सबंध गावात माझ्या पायांकडे बघितलेली ती एकटी बाई.

आता प्रश्नांचं सांगते. रग्बीत डोक्याला मार बसला की ट्रेनरनं आत जाऊन खेळाडूला पाच प्रश्न विचारायचे असतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचे गुण कुणी केले? गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? बालवाडीतल्या पोरानं द्यावीत अशी उत्तरं. पण मेंदू हलला की हीच उत्तरं पहिली गळतात. एक जरी चुकलं तरी त्याला बाहेर काढायचं, आणि मग तीन आठवडे खेळ बंद. हल्ली रेफरी निळं कार्ड दाखवतो आणि कुणाचं काही चालत नाही. तेव्हा निळं कार्ड नव्हतं. तेव्हा ट्रेनरनं अंगठा वर केला की खेळ पुढे सुरू.

आमचा कोच केविन. गाईंचं दूध काढायची यंत्रं विकायचा. पोट त्याच यंत्राच्या टाकीसारखं. कुठल्याही दुखण्यावर त्याचं एकच औषध, 'हार्डन अप', म्हणजे जरा घट्ट हो. खांदा निखळला, हार्डन अप. बरगडीत कळ येते, हार्डन अप. स्वतःला सर्दी झाली तेव्हा दोन दिवस दुकान बंद ठेवलं होतं त्यानं. तर या केविनला त्या मोसमात एकाच महिन्यात डोक्यामुळे तिघं बाहेर बसवावे लागले. त्यानं दाजींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दाजींनी गाडीत मला. "सुनंदा, तू पट्ट्या बांधताना नुसती गप्प उभी असतेस. त्यापेक्षा पोरांकडून ते प्रश्न पाठ करून घे. कुठलं मैदान, गेल्या आठवड्यात कोण होतं, निकाल काय. हाफ आणि गुण तेवढे पळता पळता ओरडून सांगायचे. म्हणजे ऐन वेळी पोरं गोंधळत नाहीत."

"पण दाजी, गोंधळतात का तेच बघायचं असतं ना?"

"तू दहावी नापास. मला शिकवू नकोस."

मी नापास नव्हते. नापास व्हायला आधी पेपर पुरा द्यावा लागतो. आमच्या केंद्रावर भूमितीच्या पेपरला गणिताचे सर स्वतः खिडकीबाहेर उभे राहून उत्तरं सांगत होते. मागच्या बाकावर अनिता होती. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मला आजही दिसतं: तोंड किंचित उघडं, डोळे माझ्या ओठांवर. मला उत्तर येत होतं. मी चिठ्ठीवर लिहून मागे दिलं, आणि त्याच क्षणी भरारी पथक आत आलं. सर पाण्याच्या टाकीमागे गेले. अनितानं चिठ्ठी खाली टाकली. अक्षर माझं होतं. मला उठवलं. वडील म्हणाले, "झाली तेवढी शाळा पुरे," आणि मी कांड्या भरायला बसले. पुढच्या वर्षी सरांचा आदर्श शिक्षक म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आमची गल्ली टाळ्या वाजवायला गेली होती, मीही.

एवढं होऊनही मी ते पाठांतर घेतलं. नुसतं घेतलं नाही, मला ते आवडायला लागलं, हे लिहिताना लाज वाटते. पट्टी गुंडाळायची आणि विचारायचं, "हं, बोल, कुठं आहोत आपण?" पंधरा दांडगे बाप्ये पाढे म्हटल्यासारखी उत्तरं द्यायचे. "गेल्या आठवड्यात?" "हिरवे!" हिरव्या जर्सीच्या संघाला सगळे नुसतं हिरवे म्हणायचे. "जिंकलो?" "हो टीचर!" हसायचे. मला वाटायचं, आई म्हणते ते काही अगदीच खोटं नाही. चार चौकटींचा फिजिओ, टाकीएवढा कोच आणि मी. आम्ही तिघं मिळून मार खाल्लेल्या डोक्यांना कॉपी पुरवत होतो, आणि खिडकीबाहेरच्या सरांची जागा यावेळी मी घेतली होती.

सेमीफायनलचा शनिवार. दुपारपर्यंत धुकं निवळलं होतं, पण मैदानात पावलागणिक पाणी उमटत होतं. सकाळी कॅलमचा घोटा बांधताना मी त्याच्याकडून सगळं म्हणून घेतलं होतं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, त्यानं एका आडदांड गड्याला खाली घेतलं आणि त्या गड्याचा गुडघा त्याच्या कानामागे बसला. आवाज बाहेरपर्यंत आला नाही. बाहेरपर्यंत आला तो केविनचा आवाज, "उठ, उठ!" कॅलम उठला. चार पावलं चालला आणि दुसऱ्या संघाच्या ओळीत जाऊन उभा राहिला. त्यांचीच पोरं हसायला लागली. मी पळाले.

गुडघे टेकायला सांगितलं, तो बसला. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. मैदान त्यानं बरोबर सांगितलं. पहिला हाफ म्हणाला. तो कुणीतरी ओरडून सांगितलाच होता. गुण कुणी केले तेही. मग मी विचारलं, "कॅलम, गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

त्याचं तोंड किंचित उघडं. आणि मग त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं.

माझ्यामागे केविन बोंबलत होता, "काय चाललंय सू, त्याला अंगठा दे!" लिनेट कडेला घडीच्या टेबलाशी संत्री कापत उभी होती, सुरी हातात तशीच. मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. अनितानं बघितलं तेव्हा जे झालं तेच झालं. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "हिरवे."

"हिरवे," कॅलम म्हणाला.

"जिंकलो ना?"

"जिंकलो."

मी अंगठा वर केला. तो उठला, जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "चिअर्स, सू." त्यानंतर हाफटाइमपर्यंत त्यानं चार जणांना आडवं पाडलं. मी मोजत होते. दर वेळी त्याचं डोकं कुणाच्या तरी मांडीला लागायचं, आणि दर वेळी तो उठायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ घ्यायचा. दर वेळी केविन टाळ्या वाजवून म्हणायचा, "असा पाहिजे माणूस!"

हाफटाइमला सगळे कडेला आले. लिनेटनं संत्र्याचं ताट फिरवलं. पोरं फोड तोंडात धरून गर चोखायची आणि साल गवतात थुंकायची. कॅलमनं फोड घेतली, अख्खी तोंडात घातली आणि सालीसकट चावायला लागला. लिनेट आधी हसली. "अरे, घरी जेवायला घालत नाही का मी?" तो चावतच राहिला. साल कडू असते, चेहरा वाकडा होतो माणसाचा. त्याचा झाला नाही. तिनं दुसरी फोड पुढे केली, तीही तो तशीच खाऊ लागला. मग लिनेटनं माझ्याकडे बघितलं. "सू, तो ठीक आहे ना? तू तपासलंस ना त्याला?"

माझ्या पायात तिचे गमबूट होते.

मी काही बोलायच्या आत केविन म्हणाला, "टेस्ट पास झालाय तो, लिन. पाचही." आणि तेवढ्यात दाजी आले, कॉफीचा पेला सांभाळत, पाणी चुकवत, बगळ्यासारखी पावलं टाकत. मी त्यांना बाजूला घेतलं. "दाजी, त्याला येत नव्हतं. चौथं उत्तर मी सांगितलं."

"हळू बोल!" दाजी दचकून म्हणाले. मराठीत. त्या सबंध मैदानावर मराठी कळणारी आम्ही दोघंच होतो आणि हा विद्वान माणूस मला हळू बोल म्हणत होता.

"तुम्ही एकदा बघा ना त्याला. सालीसकट संत्रं खातोय."

त्यांनी दहा पावलांवरून बघितलं. पुढे चिखल होता. "चालतोय की. आणि तपासणी तू केलीस ना? अंगठा तू दिलास ना? मग आता मी मध्ये कशाला पडू?"

"दाजी, त्याच्या डोक्याला..."

"सुनंदा, ऑगस्ट जवळ आलाय. पत्र लागेल ना तुला? मग गप्प बस. फायनल दोन आठवड्यांवर आहे."

ते इतक्या सहज म्हणाले, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मला वाटतं त्यांनी जरा आरडाओरडा केला असता तर मी गप्प बसले असते. ओरडणाऱ्या माणसाची मला सवय होती. पण त्यांनी कॉफीचा घोट घेतला, आणि त्यांच्या कोरड्या बुटांकडे बघता बघता मला टाकीमागे पळणारे सर दिसले. चिठ्ठीवरचं अक्षर पुन्हा माझंच राहणार होतं.

रेफरी मैदानाच्या मधोमध एकटाच उभा राहून पाणी पीत होता, काटकुळा म्हातारा. त्याच्यापर्यंत ते पन्नासेक पावलांचं अंतर मी चालत गेले. पळाले नाही. माझं इंग्रजी तेव्हा बाजारहाटापुरतं. मी म्हणाले, "नंबर सेव्हन. ही डिडन्ट नो. आय टोल्ड हिम द आन्सर."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "से दॅट अगेन, लव्ह?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं कॅलमला बोलावून घेतलं, एक बोट त्याच्या डोळ्यांसमोर फिरवलं, काहीतरी विचारलं, आणि त्याला बाहेर काढलं.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. आम्ही दोन गुणांनी हरलो. केविननं सगळ्यांदेखत मला विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूची?" ज्यांचे घोटे मी मोसमभर बांधले त्यांनी आपापल्या पट्ट्या माझ्यासमोर फाडून माझ्या पायाशी टाकल्या. मी त्या गोळा केल्या, कारण ते माझंच काम होतं. भाषणात रेफरीचे आभार मानले, सँडविचवाल्या लेडीजचे मानले. कॅलमला त्याआधीच लिनेट घेऊन गेली होती. गाडीपाशी त्याला दोनदा उलटी झाली असं कुणीतरी म्हणालं. त्यावर केविन म्हणाला, "संत्र्याच्या साली खाल्ल्यावर होणारच!"

हॉस्पिटलात त्याला दोन दिवस ठेवलं. मेंदूत रक्त नव्हतं, पण पुढे कित्येक महिने त्याला उजेड सोसवत नव्हता. कुंपणाच्या खांबावर हातोड्याचा घाव घातला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, काम सुटलं. ते पहिल्या गुडघ्यानं झालं की नंतरच्या चार टक्करींनी, हे कुणी सांगू शकलं नाही. आणि मी उरलेला हाफ थांबवला त्यामुळे काय टळलं, हेही कुणी सांगू शकलं नाही. टळलेल्या गोष्टीला तोंड नसतं. हरलेल्या सेमीफायनलला होतं. ते वर्षभर बोलत होतं.

आणि ते पत्र? ऑगस्टात दाजींनी दिलं. सही करताना वीस मिनिटं व्याख्यान झालं: मी होतो म्हणून, दुसरा कुणी असता तर. शैलाताई ओट्याशी पाठमोरी होती. ती एवढंच म्हणाली, "श्रीकांत, पेन ठेव आता. तिला मिहिकाला आणायला जायचंय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिहिकाला आणायला जायचंय. कणीक मळायची आहे. शनिवारी कुणीतरी चिखलात उतरायचं आहे. ज्या कागदाच्या धास्तीनं मी दीड वर्ष जीव मुठीत धरून जगले, तो कागद माझ्यापेक्षा त्या माणसाला जास्त हवा होता. हे मला ना शाळेनं शिकवलं ना आईनं. कृतज्ञ माणसाला हिशोब येत नाही, आणि म्हणूनच त्याला सगळे जवळ करतात.

पण माझ्या मनातून जात नाही ती लिनेट. दहा-बारा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. एका हातात रव्याच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात धुऊन पुसून ठेवलेले गमबूट. पायात परत त्याच चपला. दार उघडलं तिनंच. आतले पडदे ओढलेले होते, भरदुपारी. मी म्हणाले, सॉरी. मला वाटलं होतं, निदान ही तरी म्हणेल की तू रेफरीला सांगितलंस ते बरं केलंस. खोटं कशाला बोलू, मी तेवढ्यासाठीच गेले होते.

ती म्हणाली, "तू त्याला उत्तर का सांगितलंस?"

मी डबा पुढे केला.

"सगळे मला म्हणतात, तिनं रेफरीला कशाला सांगितलं. मला त्याचं काही नाही. मी म्हणते, त्याला कशाला सांगितलंस? मी तिथंच उभी होते, सू. संत्री कापत. त्याला माहीत नव्हतं हे मला लांबून दिसत होतं. तुला जवळून दिसलं नाही?"

"दिसलं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेला मराठीत एकच शब्द आहे, तुच्छता. तिनं डबा घेतला नाही. मी गमबूट पुढे केले. तिनं माझ्या चपलांकडे बघितलं, गुलाबी झालेल्या बोटांकडे बघितलं. "ते ठेव तुझ्याकडेच. दुसरे कुठे आहेत तुला?" आणि दार लावलं, आपटलं नाही.

केविनची तुच्छता, दाजींची, त्या पंधरा तंगड्यांची, मी केव्हाच झटकून टाकली. फुटक्या भांड्यातलं पाणी ते. लिनेटची मात्र जपून ठेवलीय. माझ्या चुकीवर नेमकं बोट ठेवणारी तीच काय ती एक होती. कॅलमला मी एकदाच परत बघितलं, एका डेअरीत, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात. गडद चष्मा लावून दुधाची बाटली घेत होता. "चिअर्स," म्हणाला, दार धरलं म्हणून. मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर मी घर बदललं, गाव बदललं, आणि तिशीनंतर एका थंड हॉलमध्ये बसून या कामाची रीतसर परीक्षा दिली, मागच्या बाकाकडे मी एकदाही बघितलं नाही. पास झाले. आता माझेच गुडघे वाजतात. तरी शनिवारी मैदानावर असते, आणि नव्या पोरींना पट्ट्या बांधायला शिकवते. आईचं म्हणणं इतक्या वर्षांनी खरं झालं. त्या पोरी मला विचारतात, कात्री असताना तुम्ही टेप दातांनी का तोडता? मी सांगते, सवय.

खरं कारण दुसरं आहे. कुणी पडतो, मी जमेल तशी पळत जाते, गुडघे टेकते. मैदान कुठलं, हाफ कुठला, विचारत विचारत चौथ्या प्रश्नाशी येते. तो विचारला की रोलवरून वीतभर पट्टी ओढते आणि तिचं टोक दातांत घट्ट धरते. बाहेर कोच ओरडत असतो. समोरचं पोरगं माझ्या ओठांकडे बघत असतं. मी पट्टी सोडत नाही.